मोबाइलवर मिळालेला सल्ला : आधी पडताळा, मग वापरा

शेतीविषयक माहिती मिळविण्यासाठी शेतकऱ्यास पूर्वी तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागत. पिकाचे प्रात्यक्षिक, शेतीविषयक मासिकाचा अंक, आकाशवाणीवरील कार्यक्रम किंवा शेजारच्या अनुभवी शेतकऱ्याचा शब्द, एवढीच काय ती साधने हाताशी असत. आज बांधावर उभे राहून मोबाइलवर चार शब्द लिहिले, किंवा नुसते बोलून दाखविले, तरी क्षणार्धात शेकडो उत्तरे पुढे उभी राहतात. ही सोय मोठी आहे आणि तिचा लाभ प्रत्येक शेतकऱ्याने अवश्य घ्यावा.

तथापि, उत्तर लवकर मिळाले म्हणून ते खरे ठरत नाही. मोबाइलवर वाचलेल्या एका ओळीवर विश्वासून औषध विकत घेतले जाते, खताची मात्रा ठरते, कधी पेरणीचा दिवसही ठरतो. ती ओळ चुकीची निघाली तर नुकसान शेतकऱ्याचे होते. लिहिणाऱ्याचे काहीच जात नाही. म्हणून अशा माहितीवर विसंबण्यापूर्वी ती कशी पडताळावी, याचा विचार येथे केला आहे.

शोधयंत्र काय करते?

गूगलसारख्या शोधयंत्राविषयी एक मोठा गैरसमज आढळून येतो. पहिल्या क्रमांकावर आलेले उत्तर सर्वांत बरोबर असणार, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः शोधयंत्र शेतातील पीक पाहत नाही व औषधाची परीक्षाही करीत नाही. आपण विचारलेले शब्द कोणत्या पानावर आहेत, त्या पानाचा हवाला इतर किती पानांनी दिला आहे, अशा अनेक गोष्टींवरून ते पानांचा क्रम लावते. शिवाय काही निकाल पैसे देऊन वर आणलेले असतात. त्यांच्याजवळ ‘प्रायोजित’ असा शब्द बारीक अक्षरांत असतो. ती जाहिरात होय, सल्ला नव्हे.

बैलबाजारात कोणते जनावर कोठे बांधले आहे हे दाखविणारा मनुष्य उपयोगी असतो. परंतु त्याने बोट दाखविले म्हणून कोणी लगेच पैसे मोजीत नाही. आपण स्वतः दात पाहतो, खूर पाहतो, जनावर चालवून पाहतो. शोधयंत्राचे काम बोट दाखविण्याचे आहे. दात पाहण्याचे काम आपल्यालाच करावयाचे आहे.

अलीकडे निकालांच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. तो सुबोध मराठीत आणि ठाम शब्दांत असतो, त्यामुळे कोणी जाणकारानेच लिहिला असावा असे वाटते. प्रत्यक्षात अनेक पानांवरील मजकूर जुळवून यंत्राने ती वाक्ये रचलेली असतात. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलने असे सारांश देण्यास प्रारंभ केला, तेव्हा पिझ्झावरील चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळावा, असा सल्ला यंत्राने दिल्याचे उघडकीस आले. कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी थट्टेने लिहिलेले वाक्य यंत्राने खरे मानून उचलले होते. गोंदाची गोष्ट वाचून मनुष्य हसतो, कारण ती चूक त्याच्या ध्यानात येते. औषधाच्या मात्रेतील चूक मात्र पाहताक्षणी ओळखू येत नाही. म्हणून सारांश वाचून थांबू नये. त्याने ज्या पानाचा आधार दिला असेल ते पान उघडून पाहावे. आधार दिला नसेल, तर ती ऐकीव गोष्ट समजावी.

उदाहरण पिवळ्या सोयाबीनचे

सोयाबीनची पाने पिवळी पडली, की शेतकरी मोबाइलवर ‘सोयाबीन पिवळे उपाय’ असे शब्द लिहितो. उत्तर येते : फेरस सल्फेटची फवारणी करा. हे उत्तर खोटे नाही, पण ते एका विशिष्ट कारणापुरतेच खरे आहे.

पिवळेपणाची कारणे निरनिराळी आहेत. चुनखडीयुक्त जमिनीत पिकास लोह उपलब्ध होत नाही. तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग असेल, तर पानावर पिवळे व हिरवे चट्टे अनियमितपणे मिसळलेले दिसतात आणि पांढरी माशी त्याचा प्रसार करते. खोडमाशीचा उपद्रव असेल, तर खोड उभे चिरल्यावर आत लालसर, नागमोडी भुयार आढळते. शेतात पाणी साचले असेल, तर मुळांना हवा न मिळाल्यामुळे पीक पिवळे पडते.

चार कारणांचे उपाय चार. लोहाच्या कमतरतेवर फेरस सल्फेटचा उपयोग होतो. मोझॅकवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. तेथे रोगट झाडे आरंभीच उपटून नष्ट करावी लागतात व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. पाणी साचलेल्या शेतात चर काढून निचरा करणे हाच खरा इलाज होय. शेतकऱ्याने चुकीचा उपाय केला, तर औषधाचे पैसे व मजुरी तर जातेच, शिवाय आठ-दहा दिवस हातचे निघून जातात. तेवढ्या अवधीत मोझॅक शेतभर पसरू शकतो.

यावरून पहिला नियम असा निघतो : उपाय शोधण्यापूर्वी कारण निश्चित करावे. ते मोबाइलवर सापडण्यापेक्षा पिकावर सापडण्याचा संभव अधिक. पान उलटून पाहावे, खोड चिरून पाहावे, झाड उपटून मुळे पाहावीत. पानाचे छायाचित्र पाहून रोग सांगणारी ॲप्स निघाली आहेत. त्यांचे उत्तर प्राथमिक अंदाज म्हणून घ्यावे. ते अंतिम निदान मानू नये.

चार प्रश्न

कोणतीही माहिती सापडली, की तिला पुढील चार प्रश्न विचारावेत.

(१) कोणी सांगितले? पानाच्या तळाशी किंवा आरंभी लेखकाचे अथवा संस्थेचे नाव असते. कृषी विद्यापीठ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विभाग यांनी दिलेल्या शिफारशीमागे शास्त्रीय प्रयोग असतात. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या नव्या शिफारशी संयुक्त बैठकीत तपासून मगच मान्य केल्या जातात. औषध विकणारा जेव्हा औषधाची स्तुती करतो, तेव्हा ती विक्रेत्याची स्तुती म्हणूनच ऐकावी. नाव, गाव काहीच नसलेल्या चित्रफितीवर किंवा संदेशावर खर्च करू नये.

(२) केव्हा सांगितले? इंटरनेटवर जुने पान नव्यासारखेच दिसते. त्याचा कागद पिवळा पडत नाही. ऊस व भुईमुगावरील हुमणीसाठी फोरेट वापरण्याचा सल्ला आजही अनेक जुन्या पानांवर वाचावयास मिळतो. लिहिला त्या वेळी तो सल्ला रीतसर असेल. परंतु केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इत्यादी औषधांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली आहे. एन्डोसल्फानचा वापर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०११ मधील आदेशाने थांबला. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती. पुढे २०२३ च्या आदेशाने, साठा संपविण्यासाठी एक वर्षाची मुदत देऊन, त्याचे ३६ टक्के प्रवाही औषधही बंद करण्यात आले. ही नावे जुन्या पानांवरून पुसली गेलेली नाहीत.

किडींच्या बाबतीतही तारखेस महत्त्व आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. त्यापूर्वीच्या पानांवर ‘लष्करी अळी’ या नावाखाली दिलेली माहिती दुसऱ्याच अळीची असते. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी उलटी खूण दिसते आणि शरीराच्या शेवटाकडील भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. अळी हातात घेऊन या खुणा पाहाव्यात, म्हणजे नावाचा घोटाळा होत नाही.

(३) कोठल्यासाठी सांगितले? पंजाबात कपाशी ओलिताखाली एप्रिल-मे महिन्यांत पेरतात. तेथील सल्ला तेथे योग्यच आहे. विदर्भात व मराठवाड्यात कोरडवाहू कपाशी पावसावर पेरली जाते आणि हंगामापूर्वी लावलेली कपाशी गुलाबी बोंडअळीला आयते खाद्य पुरविते. एकच पीक, एकच भाषा. तरी कोकणातील जांभ्या जमिनीस लागू पडणारी गोष्ट सोलापूरच्या काळ्या जमिनीस लागू पडेलच असे नाही. म्हणून शोध घेतानाच पिकाबरोबर आपला जिल्हा व आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाचे नाव लिहावे.

(४) किती व कशाचे प्रमाण? चुका सर्वांत अधिक येथे होतात. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरी दिलेली मात्रा एकरास टाकली तर खत अडीचपट पडते. हिंदी पानांवर बिघ्याचा उल्लेख असतो आणि बिघ्याचे क्षेत्र निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे आहे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. जुन्या पानावरील ‘एक गोणी’ म्हणजे २३ किलो नत्र. नव्या गोणीत ते २०.७ किलो भरते. याकरिता गोण्यांचा हिशेब न करता किलोचा हिशेब करावा.

औषधाच्या नावापुढील आकडाही वाचावा. क्लोरपायरिफॉस २० टक्के व ५० टक्के अशा दोन तीव्रतांत मिळते. एकाची मात्रा दुसऱ्यास लावली तर अडीचपट फरक पडतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे फवारणीचे, तर ४८ टक्के एफएस हे बीजप्रक्रियेचे औषध आहे. नाव एकच, पण काम निराळे. मात्रा एक लिटर पाण्यास आहे, दहा लिटरास आहे की पंपास आहे, हेही पाहावे. पाठीवरच्या साध्या पंपास व पेट्रोलवरील पंपास लागणारे पाणी कमी-अधिक असते. त्यामुळे औषधाचे प्रमाणही सारखे राहत नाही.

एका विहिरीच्या दहा घागरी

‘मी दहा ठिकाणी पाहिले, सगळीकडे तेच लिहिले आहे,’ असे पुष्कळदा ऐकू येते. परंतु एका विहिरीतून दहा घागरी भरल्या म्हणून दहा विहिरींचे पाणी तपासले असे होत नाही. इंटरनेटवर एकाचे वाक्य दुसरा उचलतो, दुसऱ्याचे तिसरा. शब्द तेच, उदाहरण तेच आणि चूकही तीच, असे आढळले तर ती नक्कल समजावी. कोणी ती वाचून दाखविली व चित्रफीत केली, तरी तो नवा पुरावा ठरत नाही.

दुसरा आधार हा खरोखर स्वतंत्र असावा. पहिली माहिती मोबाइलवर मिळाली असेल तर दुसरी छापील शिफारशीत पाहावी. राहुरीच्या विद्यापीठाची कृषिदर्शनी किंवा आपल्या विभागाच्या विद्यापीठाचे तत्सम वार्षिक प्रकाशन गावात एकाकडे जरी असले तरी दहांचे काम भागते. कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञास किंवा कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यास विचारावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. पावसाचा अंदाज हवा असल्यास भारतीय हवामान विभागाचा अंदाज किंवा ‘मेघदूत’ हे ॲप पाहावे. खळबळजनक मथळ्याच्या चित्रफितीवरून पेरणी ठरवू नये.

डब्यावरचा मजकूर

कीटकनाशकाविषयी शेवटचा शब्द त्याच्या डब्यावरील लेबलाचा व आतील माहितीपत्रकाचा असतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या औषधाबरोबर ते माहितीपत्रक दिले जाते. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा, किती पाणी, फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी आणि विषबाधा झाल्यास कोणते उपचार करावेत, हे त्यात दिलेले असते. हाती डबा असताना मोबाइलवर मात्रा शोधणे म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा घालण्यासारखे आहे. अक्षर बारीक असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. मोबाइलवरील मात्रा व माहितीपत्रकावरील मात्रा यांत फरक आढळला, तर माहितीपत्रक प्रमाण मानावे.

लेबलावरील त्रिकोणाचा रंगही ध्यानात ठेवावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी व हिरवा म्हणजे किंचित विषारी. हिरव्या रंगाचा अर्थ निर्धोक असा नाही.

मोबाइलवर दोन-तीन औषधे एकत्र करण्याचे ‘जालीम उपाय’ सर्रास सांगितले जातात. माहितीपत्रकात किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत आधार नसेल तर असे मिश्रण कदापि करू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु औषधाच्या बाबतीत निष्काळजीपणाची किंमत कोणास मोजावी लागते, हे तिने सर्वांना दाखवून दिले. चुकीची मात्रा वाचणारा एक असतो आणि पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणारा मजूर पुष्कळदा दुसराच असतो.

योजना, अर्ज आणि पैसे

सरकारी योजनांची माहिती शोधतानाही अशीच दक्षता घ्यावी लागते. सौर कृषिपंपांच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणीशुल्क उकळले जात असल्याबद्दल केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार जाहीर इशारे दिले आहेत. अशी संकेतस्थळे दिसावयास खऱ्यासारखीच असतात. त्यांवर राजमुद्रा असते, नेत्यांची छायाचित्रेही असतात. म्हणून चित्रांकडे न पाहता पत्त्याकडे पाहावे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा संपतो. ही अक्षरे पत्त्याच्या मध्येच कोठे असली तर उपयोगाची नाहीत.

व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये. बँकेचा किंवा कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रावर जसा दिसेल तसा लावू नये. पासबुकावर किंवा वस्तूच्या वेष्टनावर छापलेला क्रमांक वापरावा. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल तितका पैसे अडविता येण्याचा संभव अधिक.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावातील कार्यकर्त्याने एखादा संदेश पुढे पाठविला, की तो केवळ संदेश राहत नाही. ‘साहेबांनीच पाठविला आहे’ असे म्हणून लोक त्यास सरकारी शिफारशीचा मान देतात. म्हणून जे स्वतः पडताळले नाही ते गटावर पाठवू नये. पाठविताना शिफारस कोणत्या संस्थेची, कोणत्या वर्षाची व कोणत्या विभागासाठीची, हे त्याखाली एका ओळीत अवश्य लिहावे. शेतकऱ्याने मोबाइलवरील माहिती आणून दाखविली तर तिची हेटाळणी करू नये. त्याच्याबरोबर बसून वरील चार प्रश्न त्या माहितीस लावून पाहावेत. एकदा त्याला ही रीत अवगत झाली, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःच पडताळणी करील. लगेच उत्तर ठाऊक नसेल, तर ‘विचारून उद्या सांगतो’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

शेतकरी बंधूंनीही एक पथ्य पाळावे. पडताळणीनंतर योग्य ठरलेली नवी गोष्ट सबंध शेतावर एकदम करू नये. आधी चार ओळींवर करून पाहावी, तीन-चार दिवस पिकाचे निरीक्षण करावे व मगच पुढे जावे. मात्र बंदी असलेले औषध किंवा आधार नसलेले मिश्रण चार ओळींवरसुद्धा वापरू नये.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मोबाइलमुळे ऐकावयाचे जन अगणित झाले. त्यामुळे मनाने अधिक जागरूक राहणे प्राप्त झाले आहे. कोणी, केव्हा, कोठे व किती हे चार प्रश्न विचारावयास, पिकाकडे एकवार नीट पाहावयास व डब्यावरचे पत्रक वाचावयास फार तर अर्धा तास लागतो. येत्या हंगामात पंपात पहिले औषध ओतण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने एवढा अर्धा तास अवश्य काढावा.